हौसाची शपथ

मी चौथी शिकलेला माणूस. सगळा जन्म कालव्यावर पाटकरी म्हणून गेला. पाण्याची पाळी आली की कुणाच्या शेताचं दार उघडायचं आणि कुणाचं लावायचं, एवढंच काम. लिहायची सवय नाही, म्हणून जसं तोंडात येतंय तसं लिहितोय. लोक आपले अनुभव लिहितात तेव्हा सुरुवातीलाच म्हणतात, माझी देवावर लहानपणापासून श्रद्धा. माझीही होती. आमचं कुलदैवत नीरा-नरसिंहपूरचा नृसिंह. वर्षातून एकदा तरी जाऊन नारळ फोडायचा, घरात त्याचा फोटो, संध्याकाळी उदबत्ती. पण माझी बायको हौसा गेली आणि मी त्या फोटोकडं पाठ करून जेवायला बसायला लागलो. खोटं कशाला बोलू. देवाचा राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त मी जळत होतो. ज्यांच्या बायका जिवंत त्यांच्यावर जळत होतो. पारावर माझ्याच वयाचा गडी बायकोला शिव्या देत बसला तरी मनात यायचं, दे लेका दे, तुला शिव्या द्यायला तरी कुणीतरी आहे.

हौसावरसुद्धा जळलो. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि आम्ही मागं सरतोय तोवर कावळा शिवला. बायका म्हणाल्या, "पुण्यवान बाई. कसलीच इच्छा मागं राहिली न्हाय." सगळ्यांना बरं वाटलं. मी तोंड फिरवून उभा राहिलो. लोकांचे कावळे उन्हं कलेपर्यंत झाडावरून खाली उतरत नाहीत, घरच्यांना हात जोडून काय काय कबूल करावं लागतं. आणि हिनं जन्मभर माझ्याबरोबर भाकरी खाल्ली, तर माझ्यापायी हिचा जीव एवढासुद्धा अडकला नाही? हे कुणाला बोललो नाही. बोलण्यासारखं आहे का ते?

आता नातवाचं सांगतो, कारण अनुभव त्याचाच आहे. अनिकेत, माझ्या एकुलत्या एका मुलाचा एकुलता एक. मुलगा दुधाचा टँकर चालवतो, आठवडा-आठवडा बाहेर. घर आणि गोठा सून बघते. अनिकेत दहावीत असताना पंक्चर काढायच्या सोल्यूशनच्या नादाला लागला. ते रुमालावर ओतायचं आणि रुमाल तोंडानाकाला लावून ओढायचं. आम्हाला वाटायचं पोराची सर्दीच हटत नाही, सारखा रुमाल नाकाला. सून बिचारी त्याला तुळशीचा काढा करून देत होती आणि तो मुकाट पीत होता. ओळखलं ते हौसानं, त्याच्या उशीला नाक लावून. मग बारामतीच्या दवाखान्यात दाखल केला, आणि तिथून सुटल्यावर दर रविवारी बारामतीलाच एका शाळेच्या वर्गात जायला लावला. तिथं नशेतून बाहेर पडायला धडपडणारी पोरंच एकमेकांना धरून असतात. एक मॅडम असतात, पण त्या कोपऱ्यात बसून राहतात, बोलायचं पोरांनी. नव्या आलेल्या पोराला एक जुना पोरगा लावून देतात, त्याला जोडीदार म्हणतात. जोडीदारापाशी काहीही बोलावं, ते बाहेर जात नाही, असा तिथला नियम. हौसा त्याला एसटीनं घेऊन जायची. मी येतो म्हटलं तर म्हणायची, "तुमी नगा येऊ. तुमच्या तोंडाला लगाम न्हाय." ती गेल्यावर ते काम माझ्याकडं आलं.

वर्गाबाहेर व्हरांड्यात आमच्यासारख्यांसाठी एक बाक होता. आत पोरं, बाहेर आम्ही. दार लावलेलं. पहिल्या रविवारी मी बसल्या बसल्या तंबाखू मळत होतो, तर एक बारकं पोरगं पाणी प्यायला बाहेर आलं, माझ्या तळहाताकडं बघितलं आणि म्हणालं, "आबा, तुमचा जोडीदार कोण वं?" आणि खिदळत आत पळालं. बाकावरच्या बायका पदराआड हसल्या. मी तंबाखू झटकली. पण मला लागलं ते वेगळंच. थोड्या वेळानं आतून हसण्याचा आवाज आला आणि त्यात अनिकेतचं हसणं होतं. मी ते हजार माणसांत ओळखलं असतं. आजी गेल्यापासून घरात ते पोरगं हसलं नव्हतं. मी त्याच्यासाठी काय काय करून बघितलं होतं. मटण आणलं, कालव्याच्या दारावर नेऊन जुन्या चोऱ्यामाऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या, पाणीचोर कसा रात्रीचा दार उचकटायचा आणि मी त्याला कसा धरायचो ते सांगितलं. तो ऐकून घ्यायचा. हसायचा नाही. आणि हे हसू त्यानं कुणा परक्यासाठी राखून ठेवलं होतं.

तो परका म्हणजे सोहेल, त्याचा जोडीदार. इंदापूरचा, अनिकेतहून थोडा मोठा, उंच, किडकिडीत. त्याच्या बापाचं बसस्थानकाजवळ पंक्चरचं दुकान होतं आणि पोरगा बापाच्याच दुकानातल्या सोल्यूशनच्या ट्यूबा हुंगून वाया गेलेला. बापानं पोरासाठी बापजाद्यांचा धंदा मोडला आणि त्याच जागेवर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, म्हणजे रसवंती टाकली. हे सगळं मला हौसानं सांगितलेलं, तेही कौतुकानं. "एकदा त्या पोराला भेटा, लई गुणाचं हाय," म्हणायची. मी म्हणायचो, "गुणाचं असतं तर हुंगलं असतं व्हय?" तिला उत्तर सुचायचं नाही असं नाही, ती द्यायची नाही.

परतीच्या एसटीत सोहेल आमच्याबरोबरच असायचा. आम्ही वालचंदनगरच्या अलीकडं उतरायचो, तो पुढं इंदापूरला. ते दोघं मागच्या बाकावर, मी पुढं. तो म्हणायचा, "आबा, खिडकीपाशी बसा, वारं लागंल." मी म्हणायचो, "मला वारं सोसत न्हाय." आणि सगळा रस्ता कान मागं लावून बसायचो. काही कळायचं नाही, नुसतं कुजबुजणं. आम्ही उतरलो की अनिकेतच्या तोंडाला कुलूप. जेवलास का? हं. भूक हाय का? हं. तिथं काय झालं? काय न्हाय. कालव्याच्या अगदी शेवटच्या शेतकऱ्याला आमच्याकडं टेलचा म्हणतात. वरच्यांची शेतं भिजेस्तोवर पाणी संपतं आणि टेलला नुसती ओल येते. जन्मभर टेलच्या लोकांची बोलणी मी खाल्ली, त्यांना वेड्यात काढलं. म्हातारपणी माझ्याच घरात मी टेलचा झालो.

एका रविवारी मला राहवलं नाही. आमच्या थांब्यावर उतरलोच नाही, अनिकेतला घेऊन तसाच इंदापूरला सोहेलच्या रसवंतीवर गेलो. सोहेल रसाच्या मशीनमागं उभा राहिला. अनिकेत हात धुवायला नळाकडं गेला, तेव्हा मी सरळ विचारलं, "तो तुला काय सांगतो?"

त्यानं मशीन बंद केलं. म्हणाला, "आबा, ते त्याचं हाय. माझ्याकडं फकस्त ठेवायला दिलंय."

"मी त्याचा आज्जा हाय."

"म्हणून तर. तुमाला सांगायचं त्याला लई भ्या वाटतंय."

"माझं भ्या? मी काय वाघ हाय?"

"न्हाय आबा. पण वाघ आत्ता तुमी बोलताय तसंच बोलत असंल."

त्याचा बाप मागं ऊस सोलत होता, तो फसकन हसला आणि लगेच जीभ चावून म्हणाला, "माफ करा आबा, पोरगं तोंडाळ हाय." माझ्यापुढं रसाचा ग्लास ठेवला. मी तो तसाच ठेवून उठलो. त्या बापावरही जळलो मी. त्यानं पोरासाठी दुकान सोडलं, पोरगं त्याच्यापाशी उभं राहून हसतंय. आणि माझं पोरगं नळापाशी उभं राहून, मी काय बोललो असेन या भीतीनं, आमच्याकडं बघतंय.

घरी येऊन सांगून टाकलं, बारामती बंद. जो स्वतः त्यात लोळला तो दुसऱ्याला काय धुणार? सून म्हणाली, "मामा, आत्यांनी लावून दिलेलं हाय ते." मी म्हटलं, "आत्या न्हाय आता, मी हाय." अनिकेत पुढच्या रविवारी गप घरी बसला, त्याच्या पुढच्यालाही बसला. मला वाटलं, आलं पोरगं ताब्यात. सून भांडी घासता घासता एकदा म्हणाली, "त्यो गप हाय म्हणजे बरा हाय असं न्हाय, मामा." मी कान दिला नाही.

हौसाचं वर्षश्राद्ध आलं. सकाळपासून घरात पाहुणे, चुलीवर मोठी पातेली, गुरुजी येऊन बसलेले. आणि अनिकेत घरात नाही. त्याचा फोन घरातच, बंद करून उशीखाली ठेवलेला. शेजारचा एकजण म्हणाला, सकाळीच इंदापूरच्या जीपमध्ये बसताना दिसला, चेहरा बरा नव्हता. मुलगा टँकर घेऊन अजून वाटेत. सुनेनं माझ्याकडं बघितलं. ती कुणाचं नाव घेत नाही ते मला कळलं. मी पायात चपला घातल्या. गुरुजी म्हणाले, "वेळ टळेल." मी म्हटलं, "टळू द्या."

ज्याचा ग्लास मी ओठाला न लावता उठलो होतो, त्याच्या दारात मी गेलो. इंदापूरच्या त्या रसवंतीपुढं उभा राहिलो आणि म्हटलं, "पोरगं गेलंय." सोहेलनं मला एका शब्दानं टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यानं एवढंच विचारलं, "आज आजीचं वर्ष हाय ना? अस्थी कुठं सोडल्या हुत्या?" मी म्हटलं, नरसिंगपूरच्या संगमावर. त्याचा चेहरा उतरला. बापाच्या हातातून गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाला, "बसा आबा मागं."

"नदीवर कशाला जाईल तो?" मी विचारलं. त्यानं गाडीला किक मारली. मग मी त्या मोटरसायकलवर मागं बसून, वर्षानंतर पहिल्यांदा, देवाचं नाव घेतलं. काय मागितलं ते लिहायला लाज वाटते, पण हा अनुभव लिहायचा तर ते लिहायलाच पाहिजे. मी म्हटलं, नृसिंहा, माझं पोरगं सापडू दे. पण ह्याच्या आधी मला सापडू दे. पोराच्या जिवाचा प्रश्न, आणि ज्याच्या पाठीला धरून मी बसलो होतो त्याच्यावरच माझं जळणं चालू. असा भक्त मी.

बावड्याच्या अलीकडं, दोन्ही बाजूला ऊस, आणि मागचं चाक बसलं. मी देवाला शिवी दिली. खरंच दिली, मोठ्यानं. खाली उतरून गाडी ढकलायला लागलो. वळणावर पत्र्याची टपरी दिसली, बाहेर टायर टांगलेले. म्हटलं, नशीब. पण टपरीच्या बरंच अलीकडं, रस्त्याकडेला बाभळ होती, तिथं सोहेल थांबला आणि हँडल माझ्या हातात दिलं. "आबा, तुमी न्या. मी हितंच थांबतो." माझं डोकं तापलं. म्हटलं, "वा रं वा, म्हाताऱ्यानं ढकलायचं आणि तू सावलीत?" तो म्हणाला, "मला तो वास सोसत न्हाय आबा. अजून न्हाय. तो वास मला नावानं हाक मारतो." तेव्हा मी त्याच्या हातांकडं बघितलं. थरथरत होते. त्यानं एक हात बाभळीच्या बुंध्याला लावला आणि दुसऱ्या हातानं फोन लावला. मी गाडी ढकलत पुढं निघालो तेव्हा मागून ऐकू आलं, "अब्बा, पंक्चरच्या दुकानापाशी हाय. व्हय, लांब उभा हाय. तुमी बोलत ऱ्हावा."

ज्याच्यावर मी वर्षभर जळलो, ज्यानं माझं पोरगं हिरावलं म्हणत होतो, तो स्वतः एका झाडाला आणि एका फोनला धरून उभा होता. दुसऱ्याला ओढून काढणारा माणूस काठावर पक्का उभा असतो अशी माझी समजूत होती.

टपरीत गेलो तर आतल्या बाजूला जुन्या टायरांच्या थप्पीवर अनिकेत बसलेला.

देवानं माझं मागणं शब्दाला शब्द ऐकलं होतं. मला आधी सापडला. तो उठून उभा राहिला, चपला धुळीनं भरलेल्या, डोळे सुजलेले. मी हात पुढं केला, आणि त्याच्या तोंडून पहिला शब्द आला, "भाई आलाय?"

माझं नाव नाही. सोहेलचं.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं सांगतो. टपरीच्या आडून बाभळ दिसत नव्हती. नाही म्हणावं, समोरून येईल ती गाडी थांबवावी, पोराला घेऊन घरी जावं. कुणाला कळलं नसतं. पोरगं माझं एकट्याचं झालं असतं. आणि मला ती थरथरणारी बोटं आठवली. मी म्हटलं, "आलाय. तिकडं बाभळीखाली हाय. त्याला वास सोसत न्हाय, त्याला हितं यायला जमंना." एवढं ऐकलं आणि अनिकेत टपरीतून बाहेर पडला, आधी चालत आणि मग पळत. मी विचार करतो, सोहेल धट्टाकट्टा असता, दणदण चालत आत आला असता, तर दोघं तिथंच त्या वासात बसले असते. तो येऊ शकला नाही म्हणून माझं पोरगं बाहेर आलं.

पंक्चरवाला भला माणूस. बनियनवर, हात काळे. मला म्हणाला, "तुमचा व्हय ह्यो? ह्याची गाडी फुडं बंद पडलीय म्हणत हुता. सोल्यूशनच्या दोन ट्यूबा मागत हुता. म्हणलं, बाळा, तुला एकट्याला जमायचं न्हाय, हातातलं काम झालं की मीच येतो गाडीपाशी. बसवून ठेवलंय. पर सकाळधरनं गिऱ्हाईक तुटंना झालंय बघा. बिचारं लाजून उठंना."

गाडी-बिडी काही नव्हती. पोरानं थाप मारली होती, आणि या माणसानं ती खरी मानून त्याला बसवून ठेवलं होतं. 'मी येतो की मदतीला' म्हणणाऱ्या माणसापुढं पोराला ना खरं बोलता आलं ना उठून जाता आलं. एकामागून एक गाडी येत राहिली. त्यातली शेवटची आमची. त्या माणसानं काय वाचवलं ते त्याला अजून ठाऊक नाही. आमच्या ट्यूबमधून त्यानं काटा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. बाभळीचाच होता. रस्त्यावर काटे असतात आणि चाकात जातात, हे मलाही कळतं. मी कुणाशी वाद घालत नाही.

चाक बसवून मी बाभळीकडं गेलो आणि थोडा लांबच उभा राहिलो. ते दोघं मातीत बसले होते. सोहेलनं मला हाक मारली, "आबा, हिकडं या. ह्याला तुमाला सांगायचंय." अनिकेतनं मान हलवली, नाही म्हणून. सोहेल त्याला म्हणाला, "अन्या, मी ते जन्मभर ठेवीन. पर मला शपथ सोडवता येत न्हाय. माझ्यापाशी ती हाय तशीच राहील."

मग अनिकेतनं सांगितलं, खाली मातीकडं बघत. दवाखान्यातून आल्यावर आजीनं त्याला देवाच्या फोटोसमोर बसवला होता. त्याचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि म्हणाली, माझी शपथ हाय, परत हुंगलंस तर तुझी आजी मेली. त्यानं बरेच दिवस पाळली. मग एकदा एका मित्राकडं मोडली, एकदाच. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आजी गोठ्यात दूध काढता काढता बसली ती उठलीच नाही. "मी मारलं आबा तिला," तो म्हणाला. "सगळी म्हणली काळजाचा झटका. मला ठाव हाय कशानं मेली."

आणि आज तिच्या श्राद्धाला तिच्यासमोर बसायचं त्याला धाडस झालं नाही. दोन ट्यूबा घेऊन संगमावर जायचं त्यानं ठरवलं होतं. पुढचं तो बोलला नाही. मीही विचारलं नाही.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? हेच, की हौसानं हे मला सांगितलं नाही. मेलेल्या बायकोवर त्या बाभळीखालीसुद्धा मी जळलो. पण पोराचं तोंड बघितलं आणि माझ्या लक्षात आलं, हौसानं मलाही एक गोष्ट ठेवायला दिली होती, जी त्याला ठाऊक नव्हती. मी त्याच्यासमोर मातीत बसलो. म्हटलं, "ऐक. तुझ्या आजीचं काळीज आधीच गेलं हुतं. तुला दाखल करायच्या आधी डॉक्टरनं सांगितलं हुतं, तिला आणि मला. कवाबी जाईल म्हणला. तिनं माझं तोंड बंद केलं. म्हणली, पोराला कळलं तर भिऊन परत हुंगंल. म्हणून मी गप बसलो."

त्यानं वर बघितलं.

"तिला ठाव हुतं ती जाणार. तरी तुझा हात डोक्यावर घेतला. जाणारं डोकं तिनं तुझ्यासाठी पणाला लावलं, आणि त्या येडीला सुचलं न्हाय की ती गेल्यावर तुझं काय हुईल. देवमाणूस हुती, पर हिशेबात कच्ची."

सोहेल रडता रडता हसला. अनिकेत हसला नाही. म्हणाला, "पर शपथ मोडली ती मोडलीच की. सुटली कुठं?"

आमच्याकडं पोरं खेळताना शपथ घालतात. ज्यानं घातली त्यानंच तोंडानं 'सुटली' म्हणायचं असतं, तोवर ती डोक्यावर बसलेली. सतरा-अठरा वर्षांचं पोरगं, पण त्याच्या डोक्यावर ती तशीच बसली होती, आणि सुटली म्हणणारी नदीत विरघळून गेली होती. मी त्याचा हात धरला, माझ्या पांढऱ्या डोक्यावर ठेवला आणि खाली उतरवला. म्हटलं, "सुटली."

"तुमी न्हाय घातली आबा. आजीनं घातली."

"गळ्यातलं डोरलं माझ्या नावाचं हुतं ना? मग तिच्यामागं तिचं घालायचं-सोडायचं माझ्याकडं. नृसिंहाला साक्ष ठिवून सांगतो. सुटली. सुटली. सुटली."

तेव्हा ते पोरगं माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडलं. मोठ्यानं, उसाच्या पलीकडं ऐकू जाईल असं. वर्षभर मला वाटत होतं की ते कुलूप माझ्यासाठीच लावलंय. त्याच्या आत काय आहे ते मला कधी सुचलं नाही. थोड्या वेळानं तो म्हणाला, "मग आता मी कशाच्या जिवावर ऱ्हायचं? शपथबी न्हाय." सोहेल नाक पुसत म्हणाला, "रविवार हाय की."

श्राद्ध त्या दिवशी संध्याकाळी झालं. गुरुजी कुरकुरले. मुलगा तोवर पोचला होता. आम्ही तिघं दारात उतरलो, तर सुनेनं पहिली भाकरी सोहेलला वाढली. मी बघितलं. गिळलं.

त्यानंतर सगळं गोडच झालं असं नाही. अनिकेतचा पाय पुन्हा एकदा घसरला. पण त्याच दिवशी येऊन सांगितलं. आधी सोहेलला, मग मला. दुसऱ्या नंबरला का होईना, पाणी आलं. मी पुन्हा फोटोकडं तोंड करून जेवायला बसतो. मला कळलंय ते एवढंच की मी देवाकडं पोरगं मागत होतो, माझ्या एकट्याच्या मुठीत. त्यानं ते माझ्या हाती दिलंही, त्या टपरीत, शब्दाला शब्द. आणि मूठ उघडली तेव्हाच ते वाचलं. कुणाच्या हातून वाचवायचं ते त्याचं त्यानं ठरवावं. कधी त्याला थरथरत्या हाताचं पोरगं लागतं, कधी थाप खरी मानणारा भोळा माणूस, कधी शिवी देणारा म्हातारा.

जळणं गेलं का? नाही गेलं. आता अनिकेतच सुप्याकडच्या एका नव्या पोराचा जोडीदार झालाय. काल जेवताना त्या पोराचा फोन आला. अनिकेतनं हातातला घास खाली ठेवला, "बोल, मी हाय," म्हणत अंगणात गेला, आणि किती वेळ आलाच नाही. मला वाटलं, झालं, आता हा दुसरा. तोंडातला घास कडू झाला. मग त्याच्या ताटावर दुसरं ताट झाकलं, भाकरी गार होऊ नये म्हणून, आणि बसल्या जागी हात जोडले. म्हटलं, नृसिंहा, त्या सुप्याच्या पोराच्या घरातही कुणी आज्जा असेल. आत्ता या वेळी तो दाराआड उभा राहून कान देत असेल, माझ्या अनिकेतवर जळत असेल. त्यालाही सांभाळ.